मोड

मिसळीचा बेत ठरला की आमच्याकडे गुरुवारपासून तयारी सुरू होते. पेनसिल्व्हेनियाच्या थंडीत मटकीला मोड आणणं हे येरागबाळ्याचं काम नाही. मटकी भिजवायची, उपसायची, फडक्यात घट्ट बांधायची आणि ती पुरचुंडी ओव्हनमध्ये ठेवायची. ओव्हन बंद, फक्त आतला दिवा चालू. त्या दिव्याच्या उबेवर शनिवारपर्यंत छान मोड येतात. एकदा आत पुरचुंडी आहे हे विसरून नवऱ्याने पिझ्झासाठी ओव्हन तापवला होता. तो विषय आता काढायचा नाही असं आमच्यात ठरलं आहे.

परवाच्या शनिवारी कोल्हापूरकर दारातूनच ओरडत आला, "अमेरिकेत आता मोड मिळत नाही बघ!"

मी म्हटलं, "पातेलंभर आलेत. आधी बूट काढ."

पण तो मटकीबद्दल बोलत नव्हता. येताना दुकानात दूध घेतलं, रोख पैसे दिले, तर कॅशिअरने सत्तावन्न सेंटऐवजी पंचावन्नच परत केले. पेन्या, म्हणजे एक सेंटची नाणी, संपल्यात म्हणाली. दोन सेंट गेले याचं दुःख नव्हतं त्याला, पण एवढ्या मोठ्या देशात कुणी ‘मोड नाही’ म्हणावं याची मात्र त्याला फार गंमत वाटली होती. डोंबिवलीकर म्हणाला, "सुट्टे म्हण रे, मोड काय!" नागपूरकर म्हणाला, "चिल्लर." मग मिसळ वाढून होईपर्यंत याच्यावरच वाद. मी कराडची, त्यामुळे माझं मत मोडेच्या बाजूने पडलं.

पेन्या संपल्यात हे खरंच आहे. १२ नोव्हेंबर २०२५ला फिलाडेल्फियाच्या टाकसाळीत, म्हणजे आमच्या घरापासून तासाभराच्या अंतरावर, व्यवहारातली शेवटची पेनी पाडली गेली. एक सेंटचं नाणं बनवायला ३.६९ सेंट खर्च येत होता. १७९३ साली सुरू झालेलं नाणं २३२ वर्षांनी बंद पडलं. आपल्याकडे चार आणे गेले ते ३० जून २०११ला, तेव्हाही असंच झालं होतं. जाण्याआधी कितीतरी वर्षं त्यांना कुणी विचारत नव्हतं आणि गेल्यावर सगळ्यांना एकदम त्यांची आठवण यायला लागली.

"म्हणजे तुझ्या नाण्यांच्या डब्यांचा भाव वाढला असेल आता," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. हिला आम्ही सगळे अहो-जाहो करतो, ती आमच्याहून लहान असली तरी. तिच्या आवाजातच ते आहे.

भाव काही वाढलेला नाही. लोकांच्या बरण्यांतून, गाड्यांच्या खणांतून, सोफ्यांच्या फटींतून मिळून सुमारे ३०० अब्ज पेन्या पडून आहेत असा सरकारचाच अंदाज आहे. त्यातल्या हजारभर माझ्याकडे असतील. पण डब्यांचा विषय निघाला आणि मी सुटले. नवऱ्याने लगेच दुसरा पाव घेतला. त्याला या सगळ्याची सवय आहे.

माझी आणि अमेरिकन नाण्यांची ओळख झाली ती धुण्यामुळे. १९९९च्या ऑगस्टमध्ये लग्न होऊन मी इथे आले. अपार्टमेंटच्या तळघरात धुलाईची यंत्रं होती आणि त्यांना फक्त क्वार्टर चालायचे, म्हणजे पंचवीस सेंटचं नाणं. नवरा बँकेतून दहा डॉलरची गुंडाळी आणायचा, चाळीस क्वार्टर, कागदात घट्ट. त्याच वर्षी सरकारने एक उद्योग सुरू केला होता: दर दहा आठवड्यांनी एका राज्याचा क्वार्टर, वर्षाला पाच, असे दहा वर्षांत पन्नास. ज्या क्रमाने राज्यांनी संविधान स्वीकारलं किंवा ती नंतर संघराज्यात आली, त्याच क्रमाने. पहिला मान डेलावेअरचा. त्यावर एक घोडेस्वार दौडत चाललाय. घोडेस्वार दिसला की आपल्या मनात एकच नाव येतं. पण हा सीझर रॉडनी. जुलै १७७६मध्ये स्वातंत्र्याच्या ठरावावर डेलावेअरची दोन मतं एकमेकांविरुद्ध पडणार होती. हा तिसरा प्रतिनिधी, दम्याने आणि चेहऱ्याच्या कर्करोगाने गांजलेला, रात्रभर वादळपावसात सुमारे ८० मैल घोडा दामटत फिलाडेल्फियात पोचला आणि स्वातंत्र्याच्या बाजूने मत देऊन मोकळा झाला.

हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा फक्त घोडा आवडला. आवडलेला क्वार्टर मी धुण्याच्या यंत्रात घालेना. मग पेनसिल्व्हेनियाचा, मग न्यू जर्सीचा, तोही घालेना. नवऱ्याचे शर्ट बिनधुतलेले राहायला लागले. तेवढ्यावरून आमचं पहिलं भांडण झालं. ते त्याने हरल्यासारखं दाखवलं आणि दुसऱ्या दिवशी निळ्या पुठ्ठ्याचा, पन्नास भोकांचा एक नकाशा आणून दिला. शेवटचं भोक २००८ साली हवाईने भरलं. ते नाणं बसवलं माझ्या मुलीने. तोवर ती शाळेत जायला लागली होती.

नव्याने आलेल्या माणसाला इथली नाणी फार छळतात. तळहातावर मूठभर नाणी घेऊन काउंटरशी उभं राहायचं आणि मागची रांग खाकरायला लागायची. कारण सेंटपासून अर्ध्या डॉलरपर्यंत एकाही नाण्यावर आकडा नाही! सगळं शब्दांत. त्यातून डाइमवर नुसतं ‘वन डाइम’. डाइम म्हणजे दहा सेंट हे ज्याला आधीच माहीत आहे त्याच्यासाठीच लिहिलेलं. पुन्हा हा दहा सेंटचा डाइम पाच सेंटच्या निकेलपेक्षा लहान. मी कितीतरी महिने पाचाचं नाणं दहाचं म्हणून देत होते.

याचं कारण कळलं तेव्हा मात्र राग गेला. डाइम, क्वार्टर, अर्धा डॉलर ही सख्खी भावंडं, चांदीच्या घरातली. किंमत दुप्पट तर वजन दुप्पट. आजही दहा डाइम, चार क्वार्टर किंवा दोन अर्धे डॉलर काट्यावर ठेवले तर प्रत्येक वेळी काटा २२.६८ ग्रॅमवरच थांबतो. १९६५च्या कायद्याने डाइम-क्वार्टरमधली चांदी गेली, तांब्यावर निकेल-तांब्याचा पत्रा चढला, तरी घरातली शिस्त तशीच राहिली. निकेल बाहेरून आलेला. १८६६ साली तांबं-निकेलचा पाच ग्रॅमचा म्हणून त्याला घडवला, त्याला चांदीच्या हिशेबाशी काही देणंघेणं नव्हतं, म्हणून तो ऐसपैस. आपलं चवली, पावली, अधेली, बंदा रुपया हे कुटुंबही चांदीच्या जमान्यात असंच उतरत्या वजनाचं होतं.

या निकेलची एक चहाटळ गोष्ट आहे, ती मी प्रत्येक नव्या श्रोत्याला सांगते. १८८३ साली नव्या निकेलवर मोठा रोमन पाच छापला आणि खाली ‘सेंट’ लिहायचं राहिलं. आकार पाच डॉलरच्या सोन्याच्या नाण्याच्या जवळपास. लोकांनी त्यांना सोन्याचं पाणी दिलं आणि पाच डॉलर म्हणून खपवायला सुरुवात केली. त्याच वर्षी सरकारला ‘सेंट’ हा शब्द घालावा लागला. दंतकथा अशी, की एक जण पकडला गेला पण सुटला, कारण तो मुका होता. त्याने कधी तोंडाने ‘हे पाच डॉलर’ म्हटलंच नव्हतं, दुकानदारच आपणहून उरलेले पैसे देत होते.

"हा नक्की पुण्याचा असणार," नागपूरकर म्हणाला. पुण्याचं कुणी हजर नव्हतं, त्यामुळे ठराव एकमताने पास झाला.

कोल्हापूरकराच्या ‘मोड’ शब्दावर मी पुन्हा आले, कारण अमेरिकेच्या नाण्यांची गोष्ट खरं तर तिथूनच सुरू होते. टाकसाळीचा कायदा २ एप्रिल १७९२चा. पण त्याआधी आणि त्यानंतरही कितीतरी वर्षं इथे चालायचा तो स्पेनचा चांदीचा डॉलर, मेक्सिको आणि दक्षिण अमेरिकेतल्या खाणींतून आलेला. तो आठ रेआलचा. सुट्टे नसले की लोक छिन्नीने त्याचे पाचर-पाचर तुकडे पाडायचे. अक्षरशः मोड करायचे. एक तुकडा म्हणजे एक ‘बिट’. दोन तुकडे म्हणजे पाव डॉलर. म्हणून म्हातारी अमेरिकन माणसं क्वार्टरला अजून ‘टू बिट्स’ म्हणतात, आपल्याकडे पंचवीस पैशांना शेवटपर्यंत चार आणे म्हणत तसं. आणे १९५७ साली दशमान पद्धत आली तेव्हाच गेले होते, पण ते जिभेवरून गेले नाहीत. स्पॅनिश डॉलर अमेरिकेत १८५७पर्यंत कायदेशीर होता. बरोबर शंभर वर्षांचं अंतर.

डोंबिवलीकर शेअरबाजारातल्या संगणकांचं काम करायचा. तो म्हणाला, "अगं, मी आलो तेव्हा न्यूयॉर्कला शेअरचे भाव आठव्या भागात असायचे. साडेबत्तीस आणि एक अष्टमांश! आम्ही शिव्या घालायचो." ते त्या स्पॅनिश तुकड्यांचंच भूत. १९९७ला अष्टमांशाचे षोडशांश झाले आणि २००१ला एकदाचे दशांश आले. ज्या वर्षी हे प्रोग्रॅम बदलले त्या वर्षी त्याने सलग तीन शनिवार-रविवार काम केलं होतं. छिन्नीने तोडलेल्या चांदीच्या तुकड्यांसाठी आपण रात्री जागलो हे त्याला पहिल्यांदाच कळत होतं. त्याने मिसळीवर आणखी फरसाण घेतलं.

मराठीत मोडणं हा शब्द मला म्हणूनच फार नेमका वाटतो. नोट मोडायची, दागिना मोडायचा, भिशी मोडायची. इंग्रजीत त्यासाठी वेगवेगळी क्रियापदं लागतात. आणि अमेरिकेची पहिलीवहिली नाणीसुद्धा काही तरी मोडूनच झाली असं लोक मानतात. जुलै १७९२मध्ये टाकसाळीची इमारत तयार नव्हती, तेव्हा फिलाडेल्फियात करवती बनवणाऱ्या एका कारागिराच्या तळघरात सुमारे १५०० चांदीची चिमुकली पाच सेंटी नाणी पाडली. थॉमस जेफरसनने आपल्या खर्चाच्या वहीत १३ जुलैला त्यांची नोंद केली आहे. त्यासाठी वॉशिंग्टनच्या घरातली चांदीची भांडी वितळवली अशी आख्यायिका आहे. पुरावा काही नाही. पण ती गोष्ट दोनशे वर्षं टिकली, कारण घरातली भांडी मोडणं म्हणजे काय हे जगातल्या प्रत्येक बाईला कळतं.

फिलाडेल्फियाची आताची टाकसाळ बघायला पैसे पडत नाहीत. वरच्या सज्जातून खाली यंत्रं दिसतात. पाहुणे आले की मी नेते. पाहुण्यांना यंत्रांपेक्षा तिथला पेंढा भरलेला गरुड जास्त आवडतो. त्याचं नाव पीटर. जुन्या टाकसाळीत तो मोकळा राहायचा. एक दिवस नाणी पाडणाऱ्या यंत्राच्या चाकावर बसला असताना ते सुरू झालं, पंख अडकला आणि त्यातच तो गेला.

नाण्यांतलं खरं शिक्षण मला दिलं आमच्या गावातल्या एका म्हाताऱ्या नाणेविक्याने. न्हाव्याशेजारी त्याचं अरुंद दुकान होतं. आता ते नाही. त्याने पहिल्या भेटीत मला क्वार्टर उभा धरून कड बघायला शिकवलं. कडेला तांबूस रेघ दिसली तर १९६५पासूनचा, सगळी पांढरी असली तर चांदी. त्याने १९४३ची पेनी लोहचुंबकाला चिकटवून दाखवली. महायुद्धात तांबं काडतुसांना लागत होतं, म्हणून त्या वर्षी पेन्या जस्त चढवलेल्या पोलादाच्या निघाल्या. चुकून यंत्रात राहिलेल्या तांब्याच्या चकत्यांवर काही मोजक्या पडल्या, त्यांची किंमत आता लाखांत. १९०९ची पहिली लिंकन पेनी त्याच्याकडे काचेत होती. मागे ती घडवणाऱ्या व्हिक्टर ब्रेनरची तीन आद्याक्षरं. कुणी तरी ओरड केली की ही फार ठळक आहेत, म्हणून काही दिवसांतच काढून टाकली. सॅन फ्रान्सिस्कोत तोवर त्या अक्षरांच्या फक्त ४,८४,००० पेन्या झाल्या होत्या. आज जगभरचे संग्राहक त्यांच्यासाठी जीव टाकतात.

पण त्याचा सगळ्यात मोठा धडा असा: नाणं कधीही घासायचं नाही.

तो धडा मला मिळाला, पण माझ्या आईला मिळाला नव्हता. २००६ला ती सहा महिन्यांसाठी आली. मी कामावर गेलेली असताना तिला कपाटात माझा डबा सापडला. त्यात एकोणिसाव्या शतकातल्या बावीस पेन्या होत्या, पिसांचं शिरस्त्राण घातलेल्या बाईच्या चेहऱ्याच्या, काळपट तपकिरी. मी घरी आले तर ओट्यावर फडक्यावर बावीस लखलखीत तांब्याचे ठिपके वाळत होते. चिंच आणि मीठ. "किती काळी पडली होती गं, तुला वेळ होत नाही म्हणून केलं," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं की मी थँक्यू म्हटलं.

दुसऱ्या दिवशी त्या दुकानात नेल्या. म्हाताऱ्याने एक उचलली, भिंगाखाली धरली, खाली ठेवली. उरलेल्या एकवीस उचलल्याच नाहीत. नाणं पाडताना ठशाखाली धातू बाहेरच्या दिशेला वाहतो, त्याच्या सूक्ष्म रेघा पृष्ठभागावर राहतात आणि त्यांच्यामुळे ती विशिष्ट झळाळी येते. घासलं की त्या रेघा गेल्या, आणि गेल्या त्या कायमच्या. १ ते ७०ची एक गुणपट्टी आहे, १९४९ साली विल्यम शेल्डन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने बनवलेली. त्या पट्टीवर माझ्या पेन्यांना आता जागाच नव्हती. काउंटरवर शाळकरी मुलांसाठी एक वाडगा असायचा, आवडेल ते नाणं घ्या, फुकट. त्याने त्या वाडग्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी त्या परत घरी आणल्या. अजून आहेत. दरवर्षी लक्ष्मीपूजनाला त्याच मांडते, चौरंगावर त्यांच्याइतकं छान काही दिसत नाही.

"पण सगळ्यात महाग कुठलं?" नागपूरकराचा दरवेळचा प्रश्न. १९३३चा वीस डॉलरचा सोन्याचा. पाडले ४,४५,५००, पण रूझवेल्टने त्याच वर्षी लोकांकडचं सोनं सरकारजमा करायचा हुकूम काढला आणि ती सगळी नाणी जवळजवळ तशीच्या तशी वितळवली गेली. थोडी चोरून बाहेर पडली. त्यातलं एकच खाजगी माणसाला बाळगायची परवानगी आहे. इजिप्तचा राजा फारूक याच्याकडे ते होतं असं मानतात. २००२ला ते लिलावात गेलं तेव्हा ७५ लाख ९० हजार डॉलरच्या वर आणखी वीस डॉलर भरायला लागले. कारण सरकारच्या हिशेबी ते नाणं चलनात आलंच नव्हतं, तेव्हा दर्शनी किंमत द्या, मग घेऊन जा. २०२१ला ते १ कोटी ८९ लाखांना गेलं. मला त्या कोटींपेक्षा ते वरचे वीस जास्त आवडतात. कुठल्या तरी कारकुनाने ती पावती फाडली असेल.

चहा झाला. मी माझा मॉर्गन डॉलर काढला, कारण मला त्या दिवशी जे सांगायचं होतं ते त्याच्याशी निगडित होतं.

चांदीचा हा मोठा डॉलर, २६.७३ ग्रॅमचा. जॉर्ज मॉर्गन या इंग्लंडहून आलेल्या कारागिराने घडवलेला, चेहरा फिलाडेल्फियाच्या एका शिक्षिकेचा. १८७८पासून १९०४पर्यंत कोट्यवधी पाडले, मग थांबले. मग एकदम १९२१ला पुन्हा साडेआठ कोटींच्या वर. माझ्याकडचा १९२१चाच आहे, सगळ्यात स्वस्त मिळतो म्हणून. मी त्या म्हाताऱ्याला विचारलं होतं, सतरा वर्षं बंद असलेलं नाणं अचानक कशाला काढलं? ठसेसुद्धा १९१० साली नष्ट केले होते, मॉर्गनला म्हातारपणी पुन्हा कोरायला लागले. तो भिंग पुसत म्हणाला, "तुमच्याच देशामुळे."

मला वाटलं तो चेष्टा करतोय. घरी येऊन वाचलं तर शब्दन् शब्द खरं.

पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून ताग, धान्य, कातडी असं काय काय बाहेर चाललं होतं. फौजांचा खर्च निराळा. याचे पैसे तिथल्या लोकांना रुपयांत द्यायला लागत, आणि लोकांना हवा असे तो चांदीचा खणखणीत कलदार. कागदावर त्यांचा विश्वास नव्हता. एक रुपयाची नोट निघाली तीच १९१७च्या ३० नोव्हेंबरला, चांदी पुरेना म्हणून. १९१८च्या सुरुवातीला तर अडीच रुपयांचीही नोट निघाली. तरी १९१८च्या वसंतात युद्धाच्या वाईट बातम्या यायला लागल्या तसे लोक नोटा घेऊन मुंबईच्या करन्सी ऑफिसच्या दारात उभे राहिले. चांदी द्या. तिजोरीत चांदी संपत आली होती. आणि जगात एवढी तयार चांदी एकाच ठिकाणी पडून होती: अमेरिकन सरकारच्या तळघरांत, मॉर्गन डॉलरच्या रूपात, पोत्यांनी.

२३ एप्रिल १९१८ला अमेरिकेने त्यासाठी कायदा केला. नेवाडा या चांदीच्या राज्याच्या सिनेटर पिटमनचं नाव त्याला आहे. एकूण २७,०२,३२,७२२ डॉलर वितळवले. त्यातल्या २५,९१,२१,५५४ नाण्यांची चांदी ब्रिटनला विकली, औंसाला एक डॉलर भावाने, हिंदुस्थानसाठी. लाद्या होऊन ती चांदी जहाजाने आली आणि मुंबई-कलकत्त्याच्या टाकसाळींत पंचम जॉर्जचे रुपये होऊन बाहेर पडली. पिटमन हुशार. त्याने कायद्यातच लिहून घेतलं होतं की वितळवलं तेवढं पुन्हा अमेरिकन खाणींतून विकत घ्यायचं आणि पुन्हा डॉलर पाडायचे. म्हणून १९२१चा माझा मॉर्गन.

डॉक्टरीणबाईंनी फोन काढला. डॉलरमध्ये चांदी ९०%. रुपया एक तोळ्याचा, ११.६६ ग्रॅम, बारापैकी अकरा भाग चांदी. हिशेब आला: एका डॉलरात सव्वादोन रुपये.

"सव्वादोन!" कोल्हापूरकर म्हणाला. "आज नव्वदीच्या घरात आहे."

"म्हणजे अठ्ठावन्न कोटी रुपये," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "अमेरिकेचे डॉलर घालून केलेले."

डोंबिवलीकर गप्प झाला होता. मग म्हणाला, "कुठल्या सालाचे वितळवले?"

हाच तर संग्राहकांचा छळ आहे. ते कुणी लिहूनच ठेवलं नाही. कुठल्या साली किती पाडले याच्या चोख नोंदी आहेत, भट्टीत काय गेलं याची नाही. त्यामुळे कुठलं नाणं दुर्मीळ आहे हे कागदावरून ठरत नाही. १९०३चा न्यू ऑर्लिन्सचा मॉर्गन दीड हजार डॉलरला जायचा, सगळे भट्टीत गेले असणार असं समजून. १९६२ला फिलाडेल्फियाची एक सीलबंद कोठी उघडली तर आत त्याची पोतीच्या पोती. भाव एका हिवाळ्यात कोसळला. उलट फिलाडेल्फियाचा १८९५चा. वहीत १२,००० नाणी लिहिलेली आहेत, व्यवहारातलं एकही कधी कुणाला सापडलेलं नाही. खास चकचकीत असे ८८० नमुने पाडले होते, त्यातलेच काय ते मिळतात. काही जण म्हणतात ती पाडलीच नव्हती, वहीतली चूक. काही म्हणतात पिटमनच्या भट्टीत गेली.

"म्हणजे मुंबईत आहेत," डोंबिवलीकर म्हणाला. हे बोलताना तो इतका गंभीर होता की कुणी हसलं नाही.

"फोन लाव आईला," नवरा म्हणाला. त्याने पहिल्यांदाच तोंड उघडलं होतं. कराडात रात्रीचे साडेनऊ वाजले असणार.

आईने व्हिडिओ सुरू करून फोन कानाला लावला, त्यामुळे आम्हा सहा जणांना तिचं कानातलं दिसत होतं. मी विचारलं, आजीचे चांदीचे रुपये होते ना, त्यांचं काय झालं?

"अकरा होते," ती म्हणाली. एका क्षणाचाही विचार न करता. "चार मोडून तुझे वाळे केले बारशाला. तीन तुझ्या भावाच्या साखळीत गेले. चार आहेत, देवघरातल्या डबीत. का गं? भाव वाढलाय ना चांदीचा?"

"आई, त्यांच्यावरची सालं वाच."

डबी आली, चष्मा आला. पहिला राणीछाप. दुसऱ्यावर टकला माणूस, म्हणजे सातवा एडवर्ड, त्याच्या डोक्यावर मुकुट नाही. तिसऱ्यावर दाढीवाला राजा, "झग्यावर हत्ती आहे बघ बारीकसा." त्या हत्तीचीही गंमत आहे: १९११च्या पहिल्या खेपेला तो इतका बुटका निघाला की लोकांना डुक्कर वाटला, ओरड झाली, पुढच्या वर्षी सोंड नीट काढून दिली. तिसरं नाणं १९१६चं. उपयोग नाही, तेव्हा मॉर्गन तळघरातच होते.

"चौथा?"

"हाही दाढीवालाच. एक नऊ... एक... आठ."

आमच्याकडे कुणीतरी टेबलावर थाप मारली. त्यातली चांदी डॉलरचीच असेल याची खात्री कुणीच देऊ शकत नाही, ब्रिटिशांनी इतर ठिकाणांहूनही चांदी घेतली होती. पण मुंबईची टाकसाळ असेल तर उलट्या बाजूला खाली, कमळापाशी, एक बारीक ठिपका असतो. कलकत्त्याच्या रुपयाला नसतो. मी म्हटलं, आई, उलटा कर, वेलबुट्टीच्या खाली बघ, ठिपका आहे का?

बराच वेळ नुसतं छत दिसत होतं. पंखा, ट्यूबलाइट. डोंबिवलीकर खुर्चीच्या टोकाला येऊन बसला होता.

"काहीतरी आहे," आई म्हणाली. "ठिपका आहे का मळ आहे काही कळत नाही बाई. काळा मिट्ट झालाय. थांब, जरा चिंच लावून बघते."

"आई, नको! आई, घासू नकोस!"

पण फोन ओट्यावर ठेवला गेला होता, आणि नळ सुरू झाल्याचा आवाज येत होता.